संगीताची तासिका : धोरण दिल्लीचे, तिजोरी राज्याची

मध्य प्रदेश कर्मचारी चयन मंडळाने, म्हणजेच पूर्वीच्या ‘व्यापम’ने, २०२५ च्या प्रारंभी शिक्षकांच्या १० हजार ७५८ जागांसाठी जाहिरात दिली. त्यानंतरची सारी चर्चा विषयशिक्षकांच्या ७ हजार ९२९ जागांभोवतीच फिरत राहिली आणि त्याच जाहिरातीतील आणखी तीन नोंदींकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. माध्यमिक शिक्षक, संगीत (गायन-वादन) या पदाच्या ३९२, प्राथमिक शिक्षक, संगीत (गायन-वादन) या पदाच्या ४५२ आणि प्राथमिक स्तरावरील नृत्यशिक्षकांच्या २७० अशा त्या जागा होत्या. शालेय शिक्षण आणि आदिवासी कार्य या दोन्ही विभागांच्या शाळांसाठी ही भरती होती. संगीताच्या शिक्षकाला नियमित वेतनश्रेणीत सामावून घेण्याचा निर्णय एका मोठ्या हिंदी भाषक राज्याने इतक्या जागांसाठी एकाच वेळी घ्यावा, ही घटना दिल्लीतील शिक्षणवर्तुळाने अधिक गांभीर्याने घ्यायला हवी होती.

या निर्णयाचे स्वागत करताना आकड्यांचे प्रमाण मात्र नजरेआड करता येत नाही. गायन-वादनाच्या दोन्ही स्तरांवरील जागांची बेरीज ८४४ होते. राज्यातील सरकारी शाळांची संख्या नव्वद हजारांहून अधिक आहे. म्हणजे या भरतीतून शंभराहून अधिक शाळांमागे संगीताचा एक शिक्षक येतो. राज्यात ५५ जिल्हे आहेत. समान वाटप झाले असे गृहीत धरले, तरी जबलपूरसारख्या जिल्ह्याच्या वाट्याला सरासरीने पंधरा शिक्षक येतात. याच जाहिरातीत क्रीडा शिक्षकांच्या १ हजार ७१५ जागा होत्या, म्हणजे संगीताच्या दुप्पट. खेळाला जास्त मिळाले याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही, कारण तेही पुरेसे नाही. मुद्दा असा की, सरकारी शाळेतील मुलाला संगीत शिकण्याचा अधिकार आहे काय, आणि असल्यास तो कोणी पुरवायचा, या प्रश्नाचे उत्तर देशाने अद्याप स्पष्टपणे दिलेले नाही.

कायद्यातील एक शब्द

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आला. तेव्हापासून शिक्षणाच्या आशयाबाबतचा पुढाकार दिल्लीकडे सरकत गेला. शिक्षकाच्या वेतनाचा भार मात्र मुख्यत्वे राज्यांवरच राहिला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने प्राथमिक शिक्षण मूलभूत हक्क झाले आणि त्या हक्काला देह देणारे विधेयक २० जुलै २००९ रोजी राज्यसभेने, तर ४ ऑगस्ट २००९ रोजी लोकसभेने संमत केले. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

या कायद्याच्या २९ व्या कलमात मुलाच्या सर्वांगीण विकासाचा उल्लेख आहे. त्याहून महत्त्वाचा आहे तो कायद्याला जोडलेल्या परिशिष्टातील शिक्षकविषयक निकष. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील, तर त्या शाळेत कला शिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्य शिक्षण या तीन विषयांसाठी अंशकालीन निदेशक असले पाहिजेत, असे हे परिशिष्ट सांगते. संगीताच्या तासिकेला संसदीय कायद्याचा जो काही आधार आहे, तो एवढाच. त्यातही तीन अटी दडलेल्या आहेत. पहिली ते पाचवीच्या मुलांना ही तरतूद लागू नाही. शंभर किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांना ती लागू नाही आणि खेड्यांतील कित्येक शाळा याच वर्गात मोडतात. तिसरी अट शब्दाची आहे. कायदा ‘कला शिक्षण’ म्हणतो, संगीत म्हणत नाही. कागद आणि रंगाची पेटी स्वस्त असते. तबला, पेटी आणि ते शिकवणारा माणूस महाग असतो. त्यामुळे एकच निदेशक नेमायचा झाल्यास प्रशासनाला चित्रकला सोयीची वाटते.

‘अंशकालीन’ या शब्दानेही आपले काम केले. उत्तर प्रदेशात २०१३ मध्ये या तरतुदीखाली मोठ्या संख्येने अनुदेशक नेमले गेले. त्यांचे मासिक मानधन ७ हजार रुपये होते आणि त्याच्या वाढीचा वाद पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात चालला. या पार्श्वभूमीवर मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये स्वीकारलेला मार्ग वेगळा ठरतो. माध्यमिक स्तरावरील पदाचे मूळ वेतन ३२ हजार ८०० आणि प्राथमिक स्तरावरील पदाचे २५ हजार ३०० रुपये आहे. संगीत शिक्षक हा इतर शिक्षकांच्या पंगतीतला आहे, हे त्यातून मान्य झाले.

एका शहरातील दोन शाळा

धोरणातील विषमता कशी दिसते, हे पाहण्यासाठी जबलपूरइतके योग्य शहर शोधून सापडणार नाही. १९०४ मध्ये सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील खमरियाचा दारूगोळा कारखाना, पुढे आलेला लष्करी वाहनांचा कारखाना, ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटांची केंद्रे यांमुळे हे शहर संरक्षण खात्याच्या नकाशावर ठळकपणे आहे. साहजिकच केंद्रीय विद्यालयांची संख्याही येथे लक्षणीय आहे. या विद्यालयांच्या पदरचनेत प्राथमिक विभागासाठी संगीत शिक्षकाचे स्वतंत्र पद असते. केंद्रीय विद्यालय संघटनेने २०२२ मध्ये केलेल्या भरतीत देशभरातील अशा ३०३ जागा होत्या. रिक्त जागांची अडचण त्यांनाही आहे; परंतु तेथे रिक्त राहण्यासाठी निदान पद तरी आहे.

याच शहरात राज्य सरकारच्या प्राथमिक शाळेत शिकणारे मूल वेगळ्या देशात राहते असे म्हणावे लागेल. तिचा दिवसही प्रार्थनेने आणि राष्ट्रगीताने सुरू होतो. स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी तेथेही समूहगीत बसवले जाते. ते बसवतो तो गणिताचा किंवा भाषेचा शिक्षक, आणि त्याच्या गळ्यात सूर असला तर तो केवळ योगायोग असतो. कारखान्यातील कर्मचाऱ्याच्या मुलाला आठवड्याच्या वेळापत्रकात हार्मोनियम भेटते. त्याच कारखान्याच्या फाटकाबाहेर हातगाडी लावणाऱ्याच्या मुलाला ती भेटत नाही. दोन्ही शाळा सार्वजनिक पैशावरच चालतात. फरक इतकाच की एकीच्या पदरचनेवर दिल्लीची मोहोर आहे आणि दुसरीच्या पदरचनेवर भोपाळची.

विसंगती पुढच्या टप्प्यावरही आहे. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत भारतीय संगीत हा विषय उपलब्ध आहे. परीक्षेची सोय शेवटच्या पायरीवर आहे; ज्या पायऱ्या चढून तेथे पोहोचायचे, त्या मात्र बहुतेक शाळांत बांधलेल्याच नाहीत.

संस्थानांचा वारसा आणि खालसा मुलूख

या परिस्थितीचे मूळ केवळ आजच्या अर्थसंकल्पात नाही. मध्य भारतातील संगीत शिक्षणाचा नकाशा पाहिला, तर तो जुन्या संस्थानांच्या नकाशाशी बऱ्याच अंशी जुळतो. ग्वाल्हेरात माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये संगीत विद्यालय उभे राहिले. त्याआधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८८६ मध्येच मौलाबक्ष यांच्या हाती संगीत शाळा सोपवली होती. इंदूर, धार, मैहर, खैरागड ही सारी नावे दरबारांचीच आहेत. खैरागडच्या राजघराण्याने आपला वाडा दिला आणि १९५६ मध्ये तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले.

जबलपूरची गोष्ट निराळी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश आधी पेशव्यांच्या सागरच्या कारभाऱ्यांकडे आणि नंतर नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर तो इंग्रजांच्या ताब्यात आला आणि खालसा मुलूख म्हणून राहिला. येथे आयुक्ताची कचेरी होती, छावणी होती, पुढे रेल्वे आली. दरबार मात्र नव्हता. म्हणून येथील संगीत शिक्षण नागरिकांच्या संस्थांनी, भातखंडे यांचे नाव धारण करणाऱ्या महाविद्यालयाने, मराठी आणि बंगाली मंडळींच्या उत्सवांनी आणि घरोघरच्या शिकवण्यांनी जोपासले. त्या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. तथापि, शुल्क देऊ शकणाऱ्या घरापलीकडे जाण्याची ताकद अशा संस्थांत क्वचितच असते.

त्यात राज्यपुनर्रचनेने भर घातली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि खैरागडचे विश्वविद्यालय त्या राज्यात गेले. मध्य प्रदेशाला स्वतःचे संगीत विश्वविद्यालय मिळाले ते २००८ मध्ये, ग्वाल्हेरात, राजा मानसिंह तोमर यांच्या नावाने. ज्या आठ वर्षांत सर्व शिक्षा अभियानाने हजारो शाळा उघडल्या, त्याच आठ वर्षांत संगीताचे शिक्षक घडवणारे विश्वविद्यालय राज्याकडे नव्हते, हा योगायोग महागात पडला.

मैहरचा धडा

दरबारी आश्रयाला केवळ अभिजनांचा छंद म्हणून मोडीत काढणेही योग्य ठरणार नाही. जबलपूरहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर असलेल्या मैहरमध्ये १९१८ च्या सुमारास, साथीच्या रोगाने अनाथ केलेल्या मुलांना एकत्र करून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी वाद्यवृंद उभा केला. मैहरचे महाराज ब्रिजनाथ सिंह यांचा त्याला आधार होता. या मुलांसाठी खाँसाहेबांनी बंदुकीच्या नळ्या कापून ‘नलतरंग’ हे वाद्य तयार केले. अन्न, निवारा आणि वाद्य या तीन गोष्टी एकाच छपराखाली देण्याचा तो प्रयोग होता. ज्यांना घर नव्हते, त्यांच्या हाती उपजीविकेचे साधन आले. स्वातंत्र्यानंतर हा वाद्यवृंद शासनाच्या आश्रयाखाली आला.

जगभर गाजलेला व्हेनेझुएलाचा ‘एल सिस्टेमा’ हा उपक्रम १९७५ मध्ये होसे अन्तोनियो अब्रेउ यांनी सुरू केला. गरीब वस्त्यांतील मुलांना वाद्यवृंदात आणणाऱ्या त्या उपक्रमाला निधी मिळाला तो सांस्कृतिक खात्याऐवजी युवक आणि समाजकल्याणाशी संबंधित खात्यांकडून. दिल्लीतील परिसंवादांत त्याचा दाखला दिला जातो. त्याच्या सुमारे सहा दशके आधी मैहरमध्ये जे घडले, त्याचा दाखला मात्र शिक्षणधोरणाच्या चर्चेत सहसा येत नाही. संगीताला संस्कृतीच्या रकान्यात टाकले की त्याचे महोत्सव होतात. बालकल्याणाच्या रकान्यात टाकले की त्याची शाळा होते, हा त्या दोन्ही प्रयोगांचा समान धडा आहे.

राजकारणाचे गणित

दिल्लीच्या दस्तऐवजांत संगीताची उपेक्षा झाली आहे, असे म्हणता येणार नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला शिक्षण अनिवार्य असावे, अशी भूमिका घेतली. त्यासाठी कला, संगीत, नृत्य आणि नाट्य यांवर स्वतंत्र अभ्यासगटाने निबंध सादर केला. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांतील भिंत पाडण्याची भाषा केली. २०२३ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याने कला शिक्षणाला स्वतंत्र क्षेत्राचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये एनसीईआरटीने तिसरीसाठी ‘बाँसुरी’ व सहावीसाठी ‘कृति’ ही कला शिक्षणाची पाठ्यपुस्तके काढली. मनमोहन सिंग सरकारच्या काळातील आराखडा असो वा नरेंद्र मोदी सरकारचे धोरण असो, या एका मुद्द्यावर पक्षभेद दिसत नाही.

पक्षभेद नाही म्हणूनच राजकीय दबावही नाही, ही यातील खरी मेख आहे. ज्या मागणीला विरोधक नसतो, तिला पाठीराखाही सहसा नसतो. शाळेला छप्पर नसेल तर पालक रस्ता रोखतात. गणिताचा शिक्षक नसेल तर आमदाराकडे शिष्टमंडळ जाते. संगीताचा शिक्षक नाही म्हणून मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही. ज्या पालकांना त्याचे महत्त्व कळते, त्यांची मुले बहुधा सरकारी शाळेत नसतात, आणि ज्यांची मुले तेथे असतात, त्यांच्या मागण्यांच्या यादीत पोषण आहार, गणवेश आणि वेळेवर येणारा शिक्षक यांचा क्रम आधी लागतो. ही यादी चुकीची आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

निधीच्या रचनेतही हीच उतरंड दिसते. समग्र शिक्षा योजनेला २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी २ लाख ९४ हजार २८३ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. मध्य प्रदेशासारख्या राज्यांसाठी त्यात केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के ठरला. या योजनेत क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेला ५ हजार, उच्च प्राथमिक शाळेला १० हजार आणि माध्यमिक शाळेला २५ हजार रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. वाद्यांना अशी स्वतंत्र, शाळानिहाय ओळख लाभलेली नाही. २०१५ पासून होणाऱ्या ‘कला उत्सव’ या स्पर्धेत निवडक मुले दिल्लीपर्यंत पोहोचतात. परंतु स्पर्धा ही शिकवलेल्याची कसोटी असते. जेथे शिकवलेच जात नाही, तेथे ती घरी शिकलेल्या मुलांची निवड करते.

संसदेने संगीताचा सन्मान केला नाही, असेही नाही. मैहरच्याच परंपरेतील पंडित रविशंकर १९८६ मध्ये, लता मंगेशकर १९९९ मध्ये आणि इलैयाराजा २०२२ मध्ये राज्यसभेवर नामनियुक्त झाले. वरिष्ठ सभागृहात संगीताला आसन मिळाले. प्राथमिक शाळेच्या वर्गात त्याला सतरंजीही मिळू नये, हा विरोधाभास आपल्या लोकशाहीच्या प्राधान्यक्रमाविषयी बरेच काही सांगून जातो.

कोणते संगीत?

शिक्षक मिळाला तरी एक प्रश्न उरतोच. नव्या पदांसाठी संगीतातील पदवी किंवा पदविका हा निकष आहे. तो रास्त आहे, कारण त्याशिवाय नेमणुकीत मनमानी शिरते. परंतु जबलपूर विभागातील मंडला आणि दिंडोरी हे जिल्हे गोंड आणि बैगा समाजाचे आहेत. करमा आणि सैला ही नृत्यगीते तेथील मुलांना पाठ्यपुस्तकाआधी येतात. परधान गोंडांची तर ‘बाना’ या तंतुवाद्यावर वंशगाथा गाण्याची परंपरा आहे. नर्मदाकाठची बंबुलिया आणि बुंदेलखंडातील आल्हा यांनाही तेथे जिवंत श्रोता आहे. पदवीधर शिक्षक हार्मोनियमवर बिलावलाचे अलंकार शिकवणार आणि शाळेच्या कुंपणाबाहेर बसलेला बाना वाजवणारा वृद्ध निरक्षर ठरून बाहेरच राहणार, असे झाल्यास मुलाच्या मनावर कोणता संस्कार होईल? आपल्या घरचे गाणे हे संगीत नव्हे, एवढाच.

२०२० च्या धोरणाने स्थानिक कलावंतांना ‘निवासी कलावंत’ किंवा अतिथी मार्गदर्शक म्हणून शाळेत आणण्याची सूचना केली आहे. सहावी ते आठवीसाठी दहा ‘दप्तरमुक्त’ दिवसांचीही कल्पना त्यात आहे. वर्षातील दहा दिवस कुंभार, सुतार, माळी आणि गायक यांनी वाटून घ्यायचे झाले, तर गायकाच्या वाट्याला एखादी सकाळ येईल. पदवीधराला पद आणि लोककलावंताला पाहुणचार, अशी ही विभागणी आहे. ती टाळायची तर नियमित शिक्षकाच्या जोडीला निश्चित मानधनावर स्थानिक कलावंत, अशी दुहेरी रचना करावी लागेल आणि तिच्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष लागेल.

महाराष्ट्राचा आरसा

मराठी वाचकाने या चित्राकडे शेजारच्या घरातील अडचण म्हणून पाहण्याचे कारण नाही. संगीताला दरबार आणि घराण्यांच्या चौकटीतून बाहेर काढून शाळेत आणणाऱ्या दोन्ही विष्णूंचा जन्म महाराष्ट्रातला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. भातखंडे यांनी स्वरलिपी आणि क्रमिक पुस्तके दिली. त्यांच्या कार्याचे वारस असलेल्या संस्थांच्या परीक्षांना आजही देशभर हजारो विद्यार्थी बसतात.

महाराष्ट्र शासनाने शास्त्रीय कला आणि लोककला यांतील प्रावीण्यासाठी दहावीच्या निकालात वाढीव गुण देण्याचा निर्णय घेतला. हेतू स्तुत्य असला तरी परिणाम तपासला पाहिजे. ज्या शाळांत संगीत शिकवलेच जात नाही, त्या शाळांतील मुलाला हे गुण मिळवण्यासाठी खासगी वर्ग गाठावा लागतो. गुण शाळेत जमा होतात. शिक्षण मात्र बाजारात विकत घ्यावे लागते. दुसरीकडे, २०१५ मधील संचमान्यतेच्या नव्या निकषांनंतर कला आणि क्रीडा शिक्षकांच्या संघटनांनी पदे घटण्याची भीती व्यक्त करीत आंदोलनाचा मार्ग धरला होता. मध्य प्रदेशाने उशिरा का होईना, पदे निर्माण करण्याकडे पाऊल टाकले, ही बाब महाराष्ट्राने नोंद घेण्याजोगी आहे.

पुढची कसोटी

जबलपूरच्या संदर्भात काही गोष्टी अल्प खर्चात होऊ शकतात. एका शाळेत एक शिक्षक अडकवून ठेवण्याऐवजी संकुलातील चार-पाच शाळांना आठवड्याच्या ठरावीक दिवशी त्याची सेवा मिळाली, तर पंधरा शिक्षकांचा लाभ साठ-सत्तर शाळांपर्यंत पोहोचतो. शहरातील रेजिमेंट केंद्रांतून निवृत्त होणाऱ्या बँडवादकांना अंशकालीन निदेशक म्हणून घेण्याची मुभा मिळाली, तर वाद्ये शिकवणारे प्रशिक्षित हात शहरातच उपलब्ध आहेत. बी.एड.च्या अभ्यासक्रमात २०१४ पासून नाट्य आणि कला यांचा एक भाग आहे. त्यात समूहगायनाची किमान तयारी अनिवार्य करता येईल.

तथापि, अशा तडजोडींनी मूळ प्रश्न सुटत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातील ‘कला शिक्षण’ या शब्दांची फोड करणे, शंभर पटाची अट शाळासंकुलाला लागू करणे आणि प्राथमिक वर्गांना त्या तरतुदीत आणणे, हे काम दिल्लीचेच आहे. परिशिष्टात दुरुस्ती करण्यासाठी संसदेत नवे विधेयकही आणावे लागत नाही. कायद्याच्या २० व्या कलमाने केंद्र सरकारला अधिसूचनेद्वारे तो अधिकार दिलेला आहे. त्यासोबत निधीचा वाटा उचलण्याची तयारी केंद्राने दाखवली नाही, तर मात्र राज्ये पुन्हा चित्रकलेच्या स्वस्त वाटेने जातील.

२०२५ च्या भरतीतील शिक्षक शाळांत रुजू होतील, तेव्हा त्यांना काय सांगितले जाते, यावरून सरकारचा खरा हेतू कळेल. निवडणुकीची कामे, मतदारयाद्या, रिकाम्या गणिताच्या तासिका यांसाठी हाताशी आलेला आणखी एक माणूस म्हणून त्यांचा वापर झाला, तर ८४४ हा आकडा आणखी एका जाहिरातीपुरता उरेल. त्यांच्या नावासमोर वेळापत्रकात संगीताचीच तासिका लिहिली गेली आणि वर्गात निदान एक तबल्याची जोडी पोहोचली, तर जबलपूरच्या सरकारी शाळेतील मुलाला केंद्रीय विद्यालयातील मुलाशी एका बाबतीत तरी बरोबरी साधता येईल.